बाहुलीचा वाढदिवस

मंगळवार संध्याकाळ, बसवनगुडी

आज ईराची ऑटिझमची तपासणी झाली. डॉक्टरांनी बाहुलीचा खोटा वाढदिवस मांडला, मेणबत्तीवर फुंकर मारून दाखवली. माझ्या लेकीने तिकडे पाहिलंच नाही. मेणबत्ती उचलून बाहुलीसमोर गोल गोल फिरवत राहिली.

"परत परत तीच हालचाल," डॉक्टर लिहिता लिहिता पुटपुटल्या.

मला राहवलं नाही. "मॅडम, ओवाळतेय ती! आमच्याकडे वाढदिवसाला दिवा विझवत नाहीत."

त्यांनी हसून ते खोडलं. पण बाकीचं सगळं पाहून शेवटी म्हणाल्या, ऑटिझम आहे.

मग खोडून उपयोग काय? माहीत नाही. बरं वाटलं, एवढं खरं.

घरी येऊन निरांजन लावलं, ईराला ओवाळलं. तिने पुढे वाकून फुंकर मारली.

म्हणजे बघत होती तर.