आठ खंड आणि आइसलंड

२ ऑक्टोबर १९८६, गुरुवार. सकाळ.

घर तापवायचा थर्मोस्टॅट पुन्हा पासष्ट फॅरनहाइटवर! या घरात धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चारही पुरुषार्थांचा निर्णय मी घेतो. भिंतीवरच्या त्या चकतीचा मात्र कांचन घेते. मी सत्तर करून ऑफिसला जातो, परत येतो तर पासष्ट. 'स्वेटर घाला,' म्हणते. निषेध इथेच नोंदवतो. तोंडी नोंदवला तर जेवणही पासष्टवर येतं.

संध्याकाळ.

दैव अनुकूल. रशिया-अमेरिकेचे पुढारी पुढच्या आठवड्यात आइसलंडला भेटणार म्हणून रुपालीने शाळेच्या रिपोर्टला तोच देश घेतलाय. भूगोल, अर्थव्यवस्था, हवामान, इतिहास. चौदा तारखेला सहावीच्या वर्गापुढे बोलायचं. म्हटलं, बाळ, मी आहे. 'इट्स ओके, बाबा,' म्हणाली. होकार समजायला हरकत नाही. शिवाय पुण्याच्या साप्ताहिकाला माझं अमेरिकेचं पत्र जायचंच आहे. एका फोडणीत दोन भाज्या.

४ ऑक्टोबर, शनिवार.

एन्सायक्लोपीडिया काढला. सुपरमार्केटात किराण्याबरोबर आठवड्याला एक खंड स्वस्तात मिळायचा. आठवा, म्हणजे एच, आणला आणि कांचनला पलीकडच्या दुकानात बटाटे स्वस्त सापडले. तेव्हापासून आमच्या घरचं विश्व एचला संपतं. आइसलंड नवव्यात.

रुपाली म्हणाली, लायब्ररीत जाऊ या. मी म्हटलं, घरात संस्कृतचा सुवर्णपदकवाला असताना लायब्ररी कशाला? तिने आईकडे पाहिलं. आईने छताकडे.

५ ऑक्टोबर, रविवार.

शीर्षक ठरलं: 'हिमद्वीपवर्णनम्'. सहा पानं झाली. प्रारंभ जंबुद्वीपापासून. समुद्राच्या पोटात अग्नी असतो हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, त्याला वडवानल म्हणत. आइसलंडात ज्वालामुखी आहेत असं ऐकतो. म्हणजे सिद्धच झालं.

हवामान: अतिशय थंड. अर्थव्यवस्था: बहुधा बर्फ.

८ ऑक्टोबर, बुधवार.

मायलेकी मला न सांगता लायब्ररीत जाऊन आल्या. जेवताना रुपालीने ऐकवलं. गरम सागरी प्रवाहामुळे तिथला किनारा हिवाळ्यात आपल्या न्यू जर्सीसारखाच. जमिनीतल्या गरम पाण्यावर घरं तापतात. देशाचं पोट मासळीवर. संसद हजार वर्षांपूर्वीची, पण डेन्मार्कच्या राजापासून पुरते सुटले १९४४ साली. मी म्हटलं, ढोबळ मानाने माझंही हेच मत होतं. कांचनने विचारलं, मग बर्फाचा धंदा बुडाला का हो?

पुढे रुपाली म्हणाली, तिथे बहुतेकांना आडनाव नसतं, मुलीच्या नावापुढे बापाचं नाव लागतं. मी उसळलोच. अगं, हे तर आपलं! रुपाली श्रीराम! तर म्हणते, 'देन हाउ कम आईचं नेम नोबडी यूजेस?' कांचनला ठसका लागला. पाणी मीच दिलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार. सुट्टी.

पुढारी करार न करताच घरी गेले. आमच्याकडेही वाटाघाटी फिसकटल्या. वडवानलाचं एक वाक्य तरी घे, म्हटलं. 'बाबा, आय ओन्ली गेट फाइव्ह मिनिट्स.' माझा निबंध अठराव्या पानावर, अजून हिमालयच ओलांडतोय. संकल्प: पहाटे उठून आइसलंडला पोचायचं आणि निबंध तिच्या डब्याशेजारी ठेवायचा. ऐनवेळी लागेलच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळ.

उठायला उशीर झाला. तरी होती तेवढी पानं ठेवली. डबा गेला, पानं राहिली. वर लोणच्याच्या तेलाचा डाग.

तिला 'ए' मिळाला. पुढचा रिपोर्टही देशावरच, हे बाईंनी म्हणे सुरुवातीलाच सांगितलेलं, आणि रुपालीने निवडला इंडिया! मी उठलो, चष्मा पुसला, तिच्यासाठी खुर्ची ओढली. विचार, म्हटलं, काय हवं ते विचार.

'थँक्स बाबा, पण इट्स इन द सेम व्हॉल्यूम ॲज आइसलंड. लायब्ररीत त्याच दिवशी झेरॉक्स केलं.'

पुष्कळ पानं आहेत. भूगोल, अर्थव्यवस्था, हवामान, इतिहास. चाळली. चूक सापडली नाही.

थर्मोस्टॅट पासष्टवर होता. हात लावला नाही.

खरं सांगायचं तर थंडीचं मला काही नाही. ही मुलगी मला आता काही विचारणार नाही, आणि तिने विचारल्याशिवाय तिच्याशी काय बोलावं हे मला कळत नाही. काळजी त्याची वाटते.