लाल अस्तरातला रणगाडा

प्ल्झेन, रविवार दुपार

लाडक्या ओल्डा,

गेलेल्या माणसाचं अर्धवट मॉडेल मित्रांनी पुरं करून त्याच्या नावानं प्रदर्शनात मांडायचं, हा तुमच्या मॉडेल बनवणाऱ्यांच्या क्लबचा रिवाज. म्हणून राडिम तुझा हेट्झर रंगवायला आला. युद्धाच्या अगदी शेवटी जर्मनांनी आपल्याच गावच्या कारखान्यात करून घेतलेला तो छोटा रणगाडा. तुझं नुसतं रंगाखालचं लाल अस्तर मारून झालं होतं.

राडिमनं ब्रश काढला, चष्मा पुसला आणि ब्रश परत ठेवून दिला.

"राहू दे असाच, यार्मिला. तेव्हा रंगाचा तुटवडा होता. काही गाड्या कारखान्यातून लालच बाहेर पडल्या."

"फोटो आहे?" मी विचारलं.

तुम्हा लोकांत फोटोशिवाय कुणी कुणाचं ऐकतं का? एका हिरव्या छटेवरून तू राडिमशी ईस्टरपर्यंत अबोला धरला होतास.

"नाही," तो म्हणाला. "परीक्षक मला सोलून काढतील."

काल प्रदर्शनात मी तुझ्या लाल गाडीशेजारी आपल्या घरातला एक फोटो ठेवला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तू, चष्मा कपाळावर, बोटांना अस्तराचे डाग, आणि तळहातावर हीच गाडी.

परीक्षक आले. त्यातल्या म्हाताऱ्यानं खडसावून विचारलं, "लाल? पुरावा काय?"

राडिमनं फोटोकडे बोट दाखवलं. म्हातारा वाकून बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बरोबर आहे. या कारखान्यातून लालच बाहेर पडली."

टेबलावरचे तुझे लाल डाग न पुसणारी,
तुझी यार्मिला