ग्रेगरचा वेग आणि माझं काठ्यांचं दुकान

मी, युफेमिया गुर्ले, माहेरची लीच, वॉटी गुर्लेची विधवा, वय ब्याऐंशी, राहणार हार्बर रस्ता, किलब्रॅकी, फाइफ, हे माझ्या हाताने लिहिते आहे. डोकं जागेवर आहे. मंगळवारी डॉक्टरबाईंनी आज वार कोणता म्हणून विचारलं. मी वार सांगितला आणि त्यांचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे तेही सांगितलं. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तेवढी छाती असलेलं माणूस या घरात नाही. याआधीचं मृत्युपत्र मी शेगडीत घातलं, ते कोणी शोधत बसू नये.

वकिलाकडे गेले नाही. तो दर शनिवारी माझ्या मुलाबरोबर गोल्फ खेळतो, आणि जे लिहायचं आहे ते त्याच्याकडून टाइप करून घेणं बरं दिसलं नसतं. शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली. त्याआधीही वर्गापेक्षा बटाट्याच्या शेतात जास्त असायचे. चुका काढायच्या त्याने खुशाल काढाव्यात, ऐकायला मी नसेन.

१. मला वॉटीच्या डाव्या हाताला पुरावं. उजव्या हाताला त्याची बहीण आहे. ती जिवंतपणी आमच्या मध्येच असायची. स्तोत्रं दोनच म्हणावीत. माझ्याबद्दल 'मनाने फार मऊ होती' असं पाद्रीबाबांनी म्हणू नये. देवळात खोटं बोलणं शोभत नाही.

२. बँकेतल्या पैशात माझा एकुलता एक मुलगा ग्रेगर याला कायद्याने जो हिस्सा मिळतो तो मी अडवू शकत नाही. विचारून पाहिलं. उरलेले सगळे माझा नातू फिनली याला. तो पर्थला असतो, जनावरांच्या डॉक्टरकडे काम करतो आणि गोल्फ खेळत नाही, म्हणून त्याच्याशी बोलता येतं.

३. गोल्फ क्लबला काही नाही. एकेचाळीस वर्षं मी त्यांच्या काठ्यांचे दांडे बदलले, मुठी चढवल्या, आणि त्यातली सव्वीस वर्षं मला स्वयंपाकघराच्या दारातून आत घेतलं. आता माझ्या नावाचा बाक ठेवू म्हणताहेत असं कानावर आलंय. ठेवू नये. त्या माणसांनी माझ्यावर बसावं अशी माझी इच्छा नाही.

४. आता दुकान. खालचं दुकान, मागची खोली, वरचं घर, सगळं माझ्या नावावर आहे. ते कोणाला द्यायचं हे सांगण्याआधी ते कशाचं दुकान आहे ते लिहिते, कारण ग्रेगर विसरलाय.

आम्ही काठ्या विकत नाही. माणसाला झेपेल ती काठी शोधून देतो. वॉटीच्या काळी आयर्नचं, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठीचं, पातं सुरीसारखं पातळ असायचं. चेंडू मधोमध लागला तर स्वर्ग, नाहीतर कोपरापर्यंत झिणझिण्या. मग पाठीत खळगा असलेल्या, वजन कडेला नेलेल्या सोप्या काठ्या आल्या. त्या थोडी चूक पोटात घालतात. वॉटी त्यांना 'म्हाताऱ्यांचे चमचे' म्हणायचा. स्वतः म्हातारा झाला तरी हातात धरल्या नाहीत. एकोणसत्तराव्या वर्षी मनगटं गेली, खेळ सुटला, आणि पुढची नऊ वर्षं त्याने खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवली. ती नऊ वर्षं मी त्याच्या समोर बसून काढली. म्हणून मला या विषयावर बोलायचा हक्क आहे.

सोपी काठी म्हणजे सगळ्यांना एकच काठी नव्हे. सात नंबरच्या आयर्नने मारताना ज्याच्या काठीचा वेग ताशी पासष्ट मैलांच्या खाली, त्याला हलका, लवचिक ग्रॅफाइटचा दांडा द्यायचा. पात्याचा कल भरपूर पाहिजे, नाहीतर चेंडू हवेत चढतच नाही. नंबर जितका लहान तितकी काठी लांब मारते आणि तितकीच अवघड असते, म्हणून चार आणि पाच नंबर त्याच्या पिशवीतून काढून घ्यायचे आणि त्या जागी जाड डोक्याच्या हायब्रिड द्यायच्या. पासष्ट ते पंचाहत्तरवाल्याला ग्रॅफाइट किंवा सगळ्यांत हलकं पोलाद. पाच नंबर ठेवायचा असेल तर ठेवू द्यावा. त्याच्या वर, पंच्याऐंशीपर्यंत, साधं पोलाद. पंच्याऐंशीच्या वर वेग असलेली गावात चार माणसं आहेत, ती स्वतःहून कधी सांगत नाहीत. आणि पात्याचा तळ फार रुंद घ्यायचा नाही. पुस्तकात रुंद लिहिलेला असतो तो मऊ गवतासाठी. आपली समुद्रकाठची जमीन जूनमध्ये फरशीसारखी होते. रुंद तळ तिच्यावरून उडतो आणि पातं चेंडूच्या पोटात बसतं.

आता वेग कसा ओळखायचा. पुरुषाला विचारायचा नाही. या गावात वेग विचारला की बापाचा सांगतात. आमच्या मैदानावर चौथ्या होलला ओढा आहे, पलीकडचा काठ एकशेतीस यार्डांवर. तिथे सगळे सात नंबर घेतात, कारण बाप सात नंबर घ्यायचा. पाच नंबर काढणाऱ्याला आठवडाभर हसतात. सात नंबरने पलीकडे जायला वेग पंचाहत्तर तरी लागतो. चेंडूवर ज्याची त्याची खूण असते. मी दर सोमवारी सकाळी लांब बूट घालून ओढ्यात उतरायचे आणि चेंडू काढायचे. कोणाचे किती निघाले ते पाहिलं की गावातल्या कोणत्या पुरुषाला काय झेपतं ते कळायचं. त्यांच्या बायकांनाही तेवढं माहीत नसेल.

गुडघा गेल्यापासून दोन वर्षं माझी सून शूना उतरते. मी सांगितलं नव्हतं. चेंडू स्वच्छ धुते, पण बादली कधी जागेवर ठेवत नाही.

५. आर्ची रेनीचं प्रकरण. आर्ची शहात्तरचा, मासेमारीच्या बोटीवर तांडेल होता, दर गुरुवारी पन्नास वर्षं खेळत आला. एप्रिलमध्ये तो नव्या आयर्न घ्यायला आला. ग्रेगरने त्याला मागच्या खोलीतल्या वेग मोजायच्या यंत्रासमोर उभं केलं. आर्चीने डुक्कर मारायला निघाल्यासारखे वीस फटके मारले. एक एकोणऐंशी आला. ग्रेगरने तो एक धरला. पोलादी दांडे, कमी कलाची पाती, पावासारखा रुंद तळ, सगळं बांधून दिलं आणि पाठ थोपटली. आर्ची छाती काढून गेला.

जूनमध्ये त्याचं कोपर सुजलं. जुलैमध्ये काठ्या शेडमध्ये गेल्या. ऑगस्टमध्ये तो बंदराच्या भिंतीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायला लागला. तो प्रकार माझ्या ओळखीचा होता.

मी ग्रेगरला म्हटलं, "जा, काठ्या परत आण."

"आई, त्याने तक्रार केलेली नाही."

"तो मेल्यावर करेल का?"

गेला नाही. शूना गेली. मी बाजूच्या बाकावर मासा खात होते, म्हणून सगळं ऐकलं.

"आर्ची, तुमचा वेग बासष्ट आहे," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कोण म्हणतं?"

"ओढा. शेवटच्या सोमवारी तुमचे सहा निघाले. दोन निळे ठिपके."

"तुझ्या नवऱ्याने एकोणऐंशी सांगितलंय."

"त्याने मलाही लग्नाआधी पुष्कळ काय काय सांगितलं होतं."

आर्चीने तिला जे म्हटलं ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखं नाही. ती म्हणाली, "बरं. तुमच्या मापाचा जोड दुकानात लावून ठेवते. शिव्या संपल्या की या." आठ दिवस लागले. नवव्या दिवशी तो मागच्या दाराने आला.

६. हे कलम मी दोन आठवडे कोरं ठेवलं होतं. ग्रेगर माझ्या पोटचा आहे. त्याला एक संधी दिली नाही असं कोणी म्हणू नये.

गेल्या रविवारी जेवणानंतर मी त्याला मागच्या खोलीत नेलं. म्हटलं, "दहा चेंडू मार. सात नंबर. आकडे मी लिहिते."

"कशाला?"

"दुकान कोणाला द्यायचं ते ठरवायचंय."

हसला. त्याला वाटलं मी गंमत करते. एकावन्न वर्षांत मी गंमत केलेली त्याने पाहिलेली नाही, तरी वाटलं. दहा मारले. सगळ्यांत वरचा अठ्ठ्याहत्तर, सगळ्यांत खालचा चौसष्ट, सरासरी एकाहत्तर.

"ते तीन काढ," तो म्हणाला. "पाय घसरला होता."

"तिन्ही वेळा?"

"अंग गरम नव्हतं. अठ्ठ्याहत्तर धर, आई. खरा वेग तोच आहे."

"आर्चीचाही असाच धरलास."

"गिऱ्हाईक खूश होऊन बाहेर पडलं पाहिजे."

"पडलं की. मग खेळातूनही बाहेर पडलं."

यावर तो म्हणाला की मला नवीन जमाना कळत नाही. मी म्हटलं, आकडा यंत्रानेच सांगितलाय, आणि यंत्र तूच आणलंयस. मग त्याने कागद मागितला आणि ते तीन आकडे माझ्यासमोर खोडले. खोडलेला कागद या मृत्युपत्राला टाचलेला आहे.

७. म्हणून दुकान, मागची खोली, वरचं घर, कामाचा बाक, दांडे घट्ट धरायचा शेगडा, यंत्र आणि ओढ्याचे बूट, हे सगळं मी माझी सून शूना गुर्ले हिला देते. ग्रेगरला नाही, दोघांना मिळून नाही, तिला एकटीला. तिला मी आवडत नाही. तीस वर्षांत तिने मला आई म्हटलेलं नाही, एफी म्हणते. मीही तिच्या सूपला कधी चांगलं म्हटलेलं नाही. दोघींनीही खोटं बोलायचं टाळलं, एवढंच आमच्यात जमलं.

दारावरच्या पाटीवर 'गुर्ले आणि मुलगा' असं आहे. ते बदल असं मी सांगत नाही. तिला बदलायचं असेल तर शिडी कोळशाच्या खोलीत आहे.

८. ग्रेगरला मी आयर्नचा एक जोड देते. सहा नंबरपासून पुढच्या काठ्या, चार-पाचच्या जागी दोन हायब्रिड, हलके ग्रॅफाइटचे दांडे, एकाहत्तर वेगासाठी. सोमवारपासून बसून मीच बसवलेत, सगळे सरळ बसलेत. डाव्या हाताची करंगळी त्याने बाराव्या वर्षी व्हॅनच्या दारात चिरडून घेतली होती, ती नीट वळत नाही, म्हणून मुठीखाली चिकटपट्टीचा एक थर जास्त देऊन ती जाड ठेवली आहे. खेळायचं तर खेळावं. नाहीतर खिडकीत बसावं. बापाची खुर्ची रिकामी आहे.

९. शूनाला मी बुधवारी सांगितलं. ती सलगम सोलत होती.

"दुकान तुझ्या नावावर करते आहे."

"का? तुम्हाला मी आवडत नाही, एफी."

"नाही आवडत."

"मग?"

"आर्ची गेल्या गुरुवारी एका शेतकऱ्याच्या तरण्या पोराला हरवून आला. गावभर सांगत फिरतोय."

तिने हातातलं सलगम अख्खं सोलून काढलं. मग म्हणाली, "आणि ग्रेगर?"

"तुझा नोकर. ठेवलास तर."

"ठेवेन," ती म्हणाली. "आधी दहा मारू देत. आणि दहाही मोठ्याने वाचून दाखवू देत."

सलगमाची साल तिने नेहमीसारखी अर्धा बोट जाड काढली होती. मी पाहिलं. पहिल्यांदाच काही बोलले नाही.

वरची नऊ कलमं माझी आहेत, एकही शब्द दुसऱ्याचा नाही. प्रत्येक पानाखाली सही केली आहे. साक्षीदारांना यातलं काही मिळत नाही. त्यांनी मला सही करताना पाहिलं, मजकूर वाचलेला नाही. दोघांनीही प्रयत्न केला, पण मी पानावर हात ठेवला होता.

सही: युफेमिया गुर्ले

साक्षीदार:
आर्चिबाल्ड रेनी, निवृत्त तांडेल, शोअरहेड, किलब्रॅकी
ग्रिझेल मक्विर्टर, पाववाली, हार्बर रस्ता, किलब्रॅकी

किलब्रॅकी, शुक्रवार, २४ नोव्हेंबर २०२३