चौसष्टचं दार

प्रिय कुबात,

ओश शहराला जायचं म्हणून बोचकं बांधून ठेवलंय. पुढं कुठं ते ठरलं नाही. एक ट्रकवाला चीनच्या हद्दीपर्यंत न्यायला तयार आहे, मोठा गमत्या माणूस, गाडीत कबुतरं पाळतो... जाऊ दे. तू रशियाला गेल्यापासून पाटाची दारं उघडणारी-मिटणारी तुझी आकड्यांची पेटी मीच सांभाळतोय. डोकं भारी बाबा तुझं! एकाच आकड्यात साही दारं: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, मग चार, आठ, सोळा, बत्तीस; जी उघडी हवीत त्यांची बेरीज लिहायची. पण नाव एकालाही दिलं नाहीस. तिसरं दार उघडायला मी नुसता चार लिहिला, तर बाकीची पाच धाडकन बंद! आपले पाटकरी शेरअली-आका ओरडतच आले, “पोरा, जर्दाळू काय थुंकीवर वाढवू?” जुना आकडा परत घातला तेव्हा सुटलो. आता आधीचा आकडा वाचतो, त्यात हवं तेवढंच दार मिसळतो, दुसऱ्याच्या दाराला हात लावत नाही. साही दारांना नावंही दिली: वरचा मळा, मशीद, शाळा, अशी. कुणीही वाचावं.

एक मात्र उरलं. प्रत्येक आकड्यात तू चौसष्टही मिसळून ठेवायचास. पाटावर सातवं दार तर नाहीच! गाळ काढायच्या दिवशी सगळं बंद करायला मी शून्य लिहिला, नंतर साही दारं उघडली, चौसष्ट मात्र राहून गेला. थोड्याच दिवसांत तुझ्या आईची, बुरुल-आपांची, झाडं माना टाकायला लागली. त्यांची पाण्याची पाळी तर नेहमीच उशिरा येते, मग आजवर बाग हिरवी कशावर होती? कुंपणामागं उकरलं, तर पाटातून चोरून बागेत नेलेला तुझा नळ सापडला. गुपचूप चौसष्ट परत मिसळला. आपांनी बोलावून चहा पाजला. म्हणाल्या, “अल्लाची मेहर बघ, पाऊस नाही तरी झाडं सावरली.” त्यांना काहीच ठाऊक नाही रे.

उद्या पेटी आकांच्या भाच्याच्या हाती द्यायची आहे. आका शेजारी बसून एकेक नाव वाचून घेणार. आजच बजावलंय, “मेदेत, बिननावाचं काही ठेवशील तर पुसून टाकीन.” खरं नाव लिहिलं तर तुझी आई गावात पाणीचोर ठरते. नाही लिहिलं तर फळ भरायच्या आधीच तिची बाग जाते. आणि पाटाच्या शेपटाला माझी मावशी रोज कोरड्या चारीत उभी असते, तेही मला दिसतं. तुझा फोन लागत नाही. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर उद्याचा दिवस केव्हाच उलटून गेलेला असेल. तरी विचारतोय, कारण दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही: चौसष्टपुढं मी काय लिहू?

तुझाच,
मेदेत