आत सात, बाहेर सहा

३ मार्च

आले बाई एकदाची! दोन बॅगा दोरीनं वर ओढल्या, गुडघ्यांना शिव्या घालत शिडी चढले आणि चाळीस वर्षांच्या, छत्तीस फुटी, लाकडी, शिडाच्या बोटीची मालकीण म्हणून डेकवर चक्क मांडी घालून बसले. बोट अजून पाण्यात नाही. दुरुस्तीच्या यार्डात काँक्रीटवर, सहा लोखंडी टेकूंच्या आधारानं उभी आहे. समुद्र भिंतीपलीकडे, दोनशे पावलांवर. तोवर मी आपली माळ्यावर राहणारी बाई.

आत तीन खोल्या. मागे इंजिन आणि मोरीएवढं न्हाणीघर, मधे टेबल आणि शेगडी, पुढे निमुळत्या टोकात दोन बाकं, त्यांवरच झोपायचं. सगळीकडे जुन्या वॉर्निशचा वास. शिडं शिवायला गेलीत, डोलकाठी खाली आडवी ठेवलीय. फळ्यांच्या फटी उकरून पुन्हा भरायच्यात, तळाला रंग द्यायचाय, वायरिंग तर बघवत नाही. मदतीला यार्डातले सुतारमामा आहेत. सत्तरीचे असतील. बोलणं मोजकं, पण फळीवर नुसतं बोट वाजवून कुजकी कुठली ते सांगतात.

बावीस तारखेला धाकटी येणार. चार वर्षं माझी ही बहीण माझ्याशी बोलत नव्हती. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा मी तिला कळवलं नाही. उगाच तिची धावपळ नको, मी आहे ना सगळं बघायला, असं वाटलं. ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. गेल्या महिन्यात मी बोट घेतल्याचं कळवलं, तर तिचं एका ओळीचं उत्तर आलं, की वेड लागलंय का तुला, कधी येऊ? ते वाचून मी ओट्यापाशी उभी राहून हमसून रडले. तीन महिने दोघींनीच किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं ठरलंय. बोट काय, निमित्त आहे. मला माझी बहीण परत हवीय.

५ मार्च

आज व्हॉल्व्हचा दिवस. बोटीच्या तळाला भोकं असतात हे ऐकून आमच्या ऑफिसातल्या बायका किंचाळल्या असत्या. पण बेसिनचं पाणी बाहेर सोडायला, इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यायला ती लागतातच. प्रत्येक भोकावर आतून एक व्हॉल्व्ह. शेजारी एक निमुळती लाकडी खुंटी दोरीनं बांधलेली, व्हॉल्व्ह फुटलाच तर भोकात ठोकायला. आणि नियम असा, की बोटीवरून उतरायचं तर सगळे व्हॉल्व्ह बंद करूनच उतरायचं. हा नियम माझ्यासाठीच केलाय. घराबाहेर पडताना गॅस आणि नळ तीनतीनदा बघणारी बाई मी. धाकटी म्हणायची, ताई सरणावरून उठून गॅस बघून येईल.

जुन्या मालकिणीनं दिलेल्या कागदावर सहा व्हॉल्व्ह. मला मिळाले सात. सातवा पुढच्या बाकाखाली, अगदी कोपऱ्यात. त्याला पाइपच नाही, नुसतं उघडं तोंड. दांडा उघडा ठेवून सुतळीनं सात-आठ वेढे देऊन बांधलेला. खाली उतरून बाहेरची भोकं मोजली, तर सहाच. मामांना खडू घेऊन बोलावलं. सहाच. मामांच्या मते जुनं भोक कुणीतरी बाहेरून बुजवलं असणार, जुन्या बोटीत माणसं काय काय करून ठेवतात.

मला मेलीला ते उघडं बघवतंय होय? सुतळी कापली आणि दांडा दाबला. आधी हटेना, मग करकरत फिरला, बंद झाला आणि माझ्या हातातच आला. आतून धातू गंजून गुलाबी पडलेला, बिस्किटासारखा भुगा. असो, बंद झाला हे महत्त्वाचं. नवीन दांडा मिळाला की बसवू.

८ मार्च

मधल्या खोलीच्या फळ्यांखाली सगळ्यात खोल जागा आहे, तिथे पाणी साठलंय. दोन बोटं. पाऊस नाही, टाकी रिकामी, मी काही सांडलं नाही. करंगळी बुडवून जिभेला लावली. खारट.

पंपानं उपसलं आणि फडक्यानं कोरडं केलं. मामांना विचारलं. जमिनीवरच्या बोटीत समुद्र कुठून येणार, असं त्यांचं म्हणणं. तेही खरंच.

९ मार्च

एक वीत.

मामांनी बाहेरून फळी न् फळी ठोकून पाहिली. ठणठणीत कोरडी. पंप केला. जेवून आले तर पुन्हा वीतभर. हसायला येईना. मी आता कागदावर वेळ आणि माप लिहून ठेवतेय, निदान डोकं तरी ठिकाणावर राहतं.

१२ मार्च

दुपारी जरा आडवी झाले होते. कानाशी फळीपलीकडून पाण्याचा आवाज. बोट चालत असताना कडेनं पाणी घसटत जातं ना, तसा. ताडकन उठून काचेतून पाहिलं. बाहेर काँक्रीट, उन्हात पसरलेलं मांजर, मामांची सायकल.

पुन्हा पडले. पुन्हा तोच आवाज.

१४ मार्च

टेबलावरच्या पेल्यातलं पाणी डावीकडे कललं. मग उजवीकडे. ओरडून मामांना विचारलं, बोट हलतेय का? ते खाली टेकूला हात लावूनच उभे होते. जराही हलत नाही म्हणाले.

मी मात्र टेबल धरून उभी होते.

मामा म्हणतात चार दिवस माझ्याकडे राहायला या. त्यांना वाटतंय मला उन्हाचा त्रास झालाय. पण मला कारण कळलंय. तो व्हॉल्व्ह बंद केल्यापासून हे सुरू झालंय.

१६ मार्च

पक्कड घेऊन बाकाखाली शिरले. दांड्याचा खुंट उरलाय तो पकडून सगळा जोर लावला. केसभर वळला. वळला!

आणि मग परत फिरला. माझ्या जोराविरुद्ध, हळूहळू, घट्ट. पलीकडून कुणीतरी फिरवत होतं.

शिडीवरून कशी उतरले ते मलाच ठाऊक. आता मामांकडे राहतेय. धाकटीला 'येऊ नकोस' असं लिहिलं आणि पुसून टाकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. काय सांगू तिला? चार वर्षांनी येतेय आणि मी नको म्हणू? मग ती कधीच यायची नाही. तोवर होईल काहीतरी, मी निस्तरते. जुनी मालकीण फोन उचलत नाही.

१९ मार्च, बसमध्ये

जुन्या मालकिणीच्या घरी जाऊन आले. दार उघडलं आणि माझा चेहरा बघून तिनं पहिलं हेच विचारलं, की बंद केलात का.

तिच्या नवऱ्यानं बावीस वर्षं तो उघडा ठेवला होता. का, ते तिला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचा, की बोटीच्या पोटात समुद्र साठतो, त्याला जायला वाट हवी. मग तपासणीवाला आला आणि बिनकामाचा व्हॉल्व्ह उघडा कसा म्हणून त्यानं तो बंद करायला लावला. दोन आठवड्यांनी नवरा मधल्या खोलीत सापडला. बोट जमिनीवरच होती. कपडे कोरडे. डॉक्टर म्हणाले, बुडून मेला.

मी संतापून विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणते, सांगितलं असतं तर घेतली असतीत? नवरा गेल्यावर तिनंच तो पुन्हा उघडून सुतळीनं बांधून ठेवला आणि कागदावरून काढून टाकला.

आता धाकटीला सगळं सांगते. आत्ताच—

तिचाच मेसेज. सरप्राइज, तीन दिवस आधीच आलेय, तुझ्या बोटीची शिडी चढतेय.

फोन लागत नाहीये. लागत नाहीये. अजून चाळीस मिनिटं.

१९ मार्च, यार्ड

मामा तिला ओळखत नव्हते. बहीण आहे म्हणाली म्हणून वर सोडलं. सकाळी आत काही नव्हतं म्हणतात, अगदी कोरडं.

डेकवरचं, आत उतरायचं झाकण उघडलं. काठोकाठ पाणी. काळं, हलत नाही, सांडत नाही. खांद्यापर्यंत हात घातला. काहीच लागलं नाही. हाका मारल्या.

मामांनी बाहेरून मधल्या खोलीच्या फळीला ड्रिल लावलं. अंगठ्याएवढं भोक. एक थेंब आला नाही. मी डोळा लावला—

ती आत आहे! जिवंत! टेबलाशी उभी आहे. म्हणते झाकण अडकलंय, ताई, मी किती वेळ मारतेय हाका. आणि पायाशी पाणी येतंय.

मामा मोठी करवत आणायला धावलेत. दुसऱ्या शेडमध्ये आहे.

माझ्या उजव्या हाताचं बोट भोकात आहे, तिनं धरलंय. डाव्या हातानं लिहितेय. ती सांगेल ते माप लिहितेय, नाहीतर किंचाळेन.

११.५० घोटे

११.५८ गुडघे

१२.०५ तिला सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, तो नवरा, मी पुसलेले मेसेज. काहीच लपवलं नाही. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंस. आणि कुठल्या बाकाखाली, ते विचारलं.

१२.०९ कंबर. पक्कड सापडली तिला. पुढच्या खोलीत जाऊन बुडी मारावी लागणार. धरलेलं बोट सोडवेना, मला नि तिलाही

१२.११ सोडलं. गेली

मामा कुठे राहिले

१२.१३ आली. बोट धरलं पुन्हा, घट्ट. इतक्यात? बोलत नाहीये. दम लागला असेल. असू दे गं, धर, मी आहे

१२.१४ ओरडली! वळला म्हणते! ताई वळला, पाणी उतरतंय — हसतेय वेडी — गुडघ्याखाली आलं म्हणते —

आवाज लांबून येतोय. पुढच्या खोलीतून. अजून तिथेच आहे ती.

मग माझं बोट कुणी

सोडत नाहीये. गार आहे. धाकटे, इकडे येऊ नकोस, तिथेच थांब, इकडे ये