पोटाचं ऑपरेशन

मढ,
९ फेब्रुवारी २००३

ती. दादा, नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. हरभरा सोंगायला आलाय. तुझ्या प्राचीचं लग्न अवसरीला ठरलं, आनंद झाला.

खरंच झाला होता, पुढच्या ओळी वाचेपर्यंत. पोरगी दिवसभर पडून असते, जेवत नाही, वेणी घालत नाही, लाजत असेल, असं तू लिहिलंस. दादा, लाजणारी मुलगी आरशात बघते.

माझंच दुखणं मी तिच्यात बघतेय का, असं स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. असेलही. मग मला खोटी ठरव, पण डॉक्टरांकडून ठरव.

चार वर्षांपूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी मला नैराश्याचा आजार सांगितला आणि तू मला माहेरी, बोरीला नेलंस. गावात सांगितलंस, निर्मलाचं पोटाचं ऑपरेशन झालंय. बायका केळी घेऊन बघायला आल्या. गोजरबाईने टाके किती पडले विचारलं, आणि मी, बी.ए. झालेली बाई, सात म्हणाले. वाकू नको, बादली उचलू नको, विहिरीवर जाऊ नको, सगळं टाक्यांच्या नावाखाली. विहिरीवर का नको, ते तुला माहीत होतं आणि मलाही. त्या खोट्याने मी विहिरीपासून लांब राहिले, हेही लिहायलाच हवं. पण टाके सुकायचे दिवस संपले तशा तू माझ्या गोळ्याही बंद केल्यास. गावाच्या हिशेबाने मी बरी झाले होते.

त्यानंतर मी पुन्हा खचले. वहिनी माझ्या मागे फिरून थकली. एकदा परड्यात आडवी आली न् चिडून म्हणाली, "वन्सं, मरायचं आसंल तर तोंडानं सांगा एकदा. किती राखण करू मी तुमची?"

मी म्हणाले, "हो. वाटतं तसं."

ती तशीच घरात गेली. तिने ह्यांना फोन केला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मी बरी झाले ती तिथून. तू मात्र तिच्याशी कितीतरी दिवस बोलला नाहीस.

गोळी अजून घेते. मरायचा विचार क्वचित येतो. आला की ह्यांना सांगते, ते शेजारी येऊन बसतात. जातो.

वहिनीने मला विचारलं, तसं प्राचीला कुणी विचारलंय का? पाहुण्यांना कळेल म्हणून विचारलं नसेल, तर ते लग्न लांबणीवर पडू दे, नाहीतर मोडू दे. वहिनीला आजच विचारायला सांग. पोरीला एकटी ठेवू नका.

पोस्टाची वाट बघवत नाही, म्हणून पत्र ह्यांच्याच हाती देतेय. सासूबाईंजवळ कुणीतरी हवं. हे परतले की मी निघते. प्राचीला पुण्याला नेणार. काय झालंय म्हणून विचारेल त्याला खरं सांगेन. तुला चालत नसेल तर मला घरात घेऊ नकोस, ओट्यावर बसून सांगेन.

हे पत्र वहिनीला वाचून दाखव.

तुझ्यावर राग धरलेली, पण जगलेली बहीण,
निर्मला