साप आणि अपॉलॉजी

बाबा, त्या सापाबद्दल लिहिलेलं मी आजही मागं घेत नाही. कामठीच्या एका शाळेत मी हंगामी मास्तर होतो, तेव्हाची गोष्ट. तपासणी आली की प्रयोगशाळेच्या रिकाम्या कपाटासाठी दुसऱ्या शाळेतून सायकलरिक्षानं बरण्या यायच्या. स्पिरिटमधला एकच साप आठवड्यात तीन शाळांत हजर. तपासणी अधिकाऱ्यांना तो आता ओळख देतो, आणि नोकरीत कायम होण्यात माझ्या पुढं आहे, एवढंच मी एका साप्ताहिकात लिहिलं. हेडमास्तरांनी दोन दिवसांत लेखी अपॉलॉजी मागितली, नाहीतर नोकरी संपली.

त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, आई तव्यावर भिवापुरी मिरच्या भाजते आहे, आणि मी माझं पत्र वाचून दाखवतो: ‘आय रिग्रेट’. शाळेला त्रास झाला याचं वाईट वाटतं, इतकंच. जन्मभर कचेरीत इंग्रजी मसुदे लिहिणाऱ्या तुम्हीच तर मला फरक शिकवला होता. रिग्रेट म्हणजे झालं ते बरं नाही झालं. अपॉलॉजी म्हणजे ते मी केलं, आणि ते चूक होतं.

“रिग्रेट साहेब लोक लिहितात गा,” तुम्ही म्हणालात. “तुले अपॉलॉजीच लिहा लागते.”

“चूक नसताना काहून लिहू?”

“नोकरी कोणाले पाहिजे? सापाले का तुले?”

“त्याले तर लागलीच आहे.”

आई फिसकन हसली, तेवढ्यात मिरचीचा ठसका तिघांनाही लागला आणि भांडण खोकण्यातच राहिलं.

मी रिग्रेटच पाठवलं. आठवड्यानं हेडमास्तर गोड हसून म्हणाले, “वडील येऊन गेले. लेखी देऊन गेले. राहा तुम्ही.” इस्त्रीचा कोट घालून, कामठीच्या बसमध्ये उभ्यानं जाऊन, माझ्या वतीनं तो दुसरा शब्द तुम्ही तुमच्या वळणदार अक्षरात लिहून आला होतात! मी तिथल्या तिथं राजीनामा दिला. घरी येऊन म्हणालो, “जन्मभर साहेबांपुढे वाकलात, आता माझी पाठही वाकवता?” तुम्ही जेवायला बसला होतात. ताटातली भाकरी मोडत राहिलात, खाल्ली मात्र नाही.

राजीनाम्याचं मला काही वाटत नाही. तेव्हापासून असल्याच सापांवर लिहून माझं पोट चाललं आहे. कुणा पुढाऱ्याची, कुणा संपादकाची माफी मागितलेली नाही. वकिलांच्या नोटिशींनाही मी रिग्रेट पाठवतो, तुमच्याच मसुद्याच्या वळणानं. आणि तुमचं ते पत्र? ते तुम्ही लिहायला नको होतं, हे तुम्ही गेल्यावरही मी बदलणार नाही.

पण ‘जन्मभर साहेबांपुढे वाकलात’ या वाक्याचं वेगळं आहे. ते मी बोललो, आणि ते चूक होतं. इथं कुठला शब्द बसतो, ते तुम्हाला मी काय सांगू? हा तिसरा कागद आहे. आधीच्या दोन्हींवर रिग्रेट लिहून फाडून टाकलं. दुसरा शब्द तुम्ही माझ्यासाठी कामठीला जाऊन लिहून आलात. मला तो तुमच्यासाठी बसल्या जागी लिहायला जमत नाही.